शांताक्कांचा हात

शांताक्कांचा हात वर गेला तेव्हा नगरपरिषदेच्या सभागृहात दुसरा हात वर नव्हता. घरपट्टीवाढीवर सरकार मर्यादा आणणार होतं आणि त्याला विरोध करणारा ठराव समोर होता. निवडणूक तोंडावर, म्हणून आम्ही बाकीचे नगरसेवक खाली बघत होतो.

प्रेक्षकांतून त्यांचे यजमान पुटपुटले, "अगं, पडशील!"

"पडेन. पण पैसा आटला की पहिलं कुलूप परिषदेच्या अभ्यासिकेला लागेल. एका खोलीत राहणाऱ्या पोरींनी वाचायचं कुठं?"

त्याच अभ्यासिकेनं मला घरातला पहिला पदवीधर केलं. सहावी शिकलेल्या अक्का तिथं कधी बसल्याही नाहीत. आपल्या वाटचे उपकार फेडणाऱ्याचाही हेवा वाटतो, हे तेव्हा कळलं. मग एकेक करत बाकीचे हातही वर गेले आणि ठराव मंजूर झाला. सगळे अक्कांभोवती जमले. मी कागद आवरत बसलो.