राणेकाकींचा हरवलेला वरवंटा

राणेकाका गेले कुठे, याचा नवा तर्क घेऊन कुणी राणेकाकींकडे आलं की त्या आधी पाट सरकवत. "बस. च्या घे," म्हणत. पाहुण्याचा कप निम्मा झाला की चुलीपुढून मान वळवून त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "कोट न्हेल्यान, समाजला. वस्तरो न्हेल्यान, समाजला. छत्री न्हेल्यान, तीय समाजली. पण माझो वरवंटो कित्याक न्हेल्यान?"

इथे भल्याभल्यांची गाडी अडायची. उरलेला चहा ते घाईने संपवत आणि "विचार करून सांगतो हां, काकी," म्हणून उठत.

मी लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले, ती त्यांच्या शेजारच्या खोलीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेव्हा सारं गिरणगाव पेटलं होतं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, म्हणून काकींनी पहिल्या दिवसापासून मला 'मास्तरणी' करून टाकलं. त्या मालवणकडच्या. अंगाने सडपातळ, आवाज मात्र चार मजले ओलांडणारा. घरात खानावळ होती. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले अठरा गिरणी कामगार दोन पंगतींत त्यांच्याकडे जेवायचे. त्यांचे यजमान सदाशिव राणे गिरणीच्या मागखात्यात कामाला. माणूस इतका अबोल, की खोलीत असले तरी नसल्यासारखेच. काकी म्हणायच्या, "आमच्या घरात बोलणा माझा, ऐकणा तेंचा. वाटणी लग्नातच झाली."

गोळीबार झाले त्या दिवसांतली गोष्ट. संचारबंदी दोन तास उठली होती. काकी आणि मी भाजी आणायला धावलो. परत आलो तर राणेकाका खोलीत नव्हते. काकींना वाटलं, खाली गेले असतील. वाटण करायला पाट्यापाशी बसल्या आणि तशाच उठून माझ्या दारात आल्या. "मास्तरणी, वरवंटो दिलंय काय गे तुका?"

मी नाही म्हटलं. मग दोघींनी मिळून खोली धुंडाळली. खुंटीवरचा लग्नातला काळा कोट नाही, फळीवरचा वस्तरा नाही, कोपऱ्यातली छत्री नाही. पाटा तेवढा जागच्या जागी, नवऱ्याविना एकटा.

पुढचे तीन दिवस, संचारबंदी उठेल तेवढ्या वेळात, आम्ही परळच्या इस्पितळांतून फिरलो. जखमींच्या खाटा पाहिल्या, आणि जिथे जायची वेळ येऊ नये त्या शवागारातही गेलो. ओळीने झाकलेल्या देहांवरची चादर शिपाई तोंडापुरती बाजूला करायचा. काकी एकेक चेहरा पाहायच्या आणि मानेनेच नाही म्हणायच्या. एका तरुणापाशी मात्र त्या थांबल्या. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. काकी तिच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि शिपाई उठवायला येईपर्यंत सोडला नाही.

मग तर्क सुरू झाले. तळमजल्यावरचे पेडणेकर, निवृत्त कारकून, दुपारी मोकळेच असायचे. त्यांचा पहिला सिद्धान्त राजकीय होता. राणे मोर्चात गेले, वरवंटा पोलिसांवर भिरकावला आणि पकडले गेले.

"वस्तरो पण भिरकावल्यान?" काकी म्हणाल्या.

आठवड्याने पेडणेकर अध्यात्माकडे वळले. राण्यांनी संन्यास घेतला असावा, वरवंट्याची शिवलिंग म्हणून पूजा करत असतील.

"संन्याशाक लग्नातलो कोट लागता?"

मग दबक्या आवाजात त्यांनी दुसरं बिऱ्हाड सुचवलं. कोट, दाढीचं सामान, छत्री सगळंच तिथे बसत होतं. काकींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नवो संसार मांडणारो पाटो सोडून नुसतो वरवंटो न्हेतलो? ती बाय वाटतली खंय? कपाळार?"

पेडणेकरांना हसू आवरेना, आणि ज्यांच्या घरावर हा प्रसंग आला होता त्या काकीही पदर तोंडाला लावून हसल्या.

एक तर्क मात्र कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जड दगड आणि समुद्र. एकदा खानावळीत जेवणाऱ्या एकाच्या तोंडून तो निसटला. काकी भात वाढत होत्या, वाढतच राहिल्या. "बुडाक जाणारो माणूस छत्री घेवन जाता काय रे?" म्हणाल्या. "जेव."

अठरा माणसांचं वाटण मात्र वरवंट्याशिवाय कसं व्हायचं? पलीकडच्या चाळीतल्या गंगूबाई कांबळे काकींच्या ओळखीच्या. दोघी एकाच गिरणीच्या दारावर नवऱ्यांचे डबे पोचवायच्या. गंगूबाई न बोलावता आल्या, पदराखालून आपला वरवंटा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडं दोन हायत. नवा घिऊ नको. तुझा घावंल तवा दे."

दुसऱ्या दिवशी पंगतीत कुजबूज झाली. त्यांच्या घरच्या वरवंट्याने वाटलेलं आपण खायचं का? दोघे जण हात आखडून बसले. काकींनी माशाच्या कालवणाचं भांडं मधोमध आणून ठेवलं. "मोर्चात हातात हात घालून चलतास ना? आता वरवंटो आडवो इलो? जेवचा नसात तर ताट उचला, माका जागा होया."

वास नाकात शिरला होता. दोघेही जेवले. एकाने तर दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं, तेव्हा काकींनी पळीभर जास्तच वाढलं. पुढे गंगूबाईंच्या घराने बौद्ध धर्म घेतला, तेव्हा काकी नवं लुगडं नेसून भेटायला गेल्या. वरवंटा परत द्यायची वेळ काही आली नाही.

वर्षं सरली. मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीचाळींतून दिवे लागले, पेढे वाटले गेले. मग आमच्या चाळीतल्या मंडळाने ठरवलं की, या भागातून चळवळीत जे गेले त्यांच्या नावांची पाटी नाक्यावर लावायची. मंडळाचा अध्यक्ष तरुण होता, मनाने चांगला. तो काकींकडे आला आणि म्हणाला, "काकी, राणेकाकांचं नाव घालतोय. त्याच दिवसांत गेले ते. सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आसा?"

"म्हणजे... गोळीबारातच गेले असणार. तुम्हालाही मान मिळेल, काकी. हार तुमच्याच हातून घालायचा."

मला वाटलं, काकी हो म्हणतील. इतकी वर्षं अधांतरी काढलेल्या बाईला टेकायला भिंत मिळत होती. पेडणेकर तर डोळे पुसत होते. काकींनी अध्यक्षाला पाट दिला, चहा दिला. त्याने कप खाली ठेवल्यावर समोर बसल्या.

"बाबा, मी त्या इस्पितळात गेलंय," त्या म्हणाल्या. "चादर सारून आयांनी आपली पोरां वळखलेली मी बघलंय. तेंच्या वळीत माझ्या घोवाचा नाव घालू नको. गोळी खावक कोण कोट आणि वस्तरो घेवन जाता? माझो माणूस गेलो. पण तो तेंच्यासारखो नाय गेलो."

अध्यक्ष पाटावरून उठला. मग वाकून नमस्कार करून गेला. पाटी लागली त्या दिवशी काकी गर्दीत मागे उभ्या होत्या. इस्पितळातली ती आई हार घालायला पुढे गेली. तिला पायरी चढवेना, तेव्हा काकींनीच जाऊन तिला हात दिला.

त्यानंतर वर्षभरात आम्ही शीवला राहायला गेलो. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. खानावळ रिकामी होती. मी विचारलं, "काकी, आता तरी सांगा. तुम्हाला काय वाटतं, काका कुठे गेले?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "खंय ता माका ठावक नाय. वरवंट्याचाय ठावक नाय, खरांच. पण येवचो नाय, ता मात्र पयल्या दिवशीच कळला."

"कसं?"

"तेंची दाराची किल्ली करगोट्याक बांधलेली असायची. न्हातानासुदीक सोडूचे नाय. त्या दिवशी सांजेक कुकू लावक करंडो उघडलंय, तर किल्ली आत. म्हणजे विचार करून ठेवलेली." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "भांडाण नाय, काय नाय. बोलणाच नव्हता, तर भांडाण खंयसून?"

त्यांच्याबरोबर तीन दिवस इस्पितळं फिरले होते मी. "मग आपण कशाला शोधत होतो?"

"माझीच समज चुकीची आसली तर? म्हणान बघलंय."

"आणि इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीत?"

काकी हसल्या. नेहमीचंच, खोलीभर ऐकू जाणारं हसू. "मास्तरणी, तू शिकलेली, पण खुळी. टाकलेल्या बायलेच्या दारात कोण येता? हरवलेल्या माणसाच्या बायलेकडे सगळी येतत. च्या पितत, बसतत, बोलतत."

खाली टेम्पोवाला हाका मारत होता. त्यांनी माझ्या हातात मसाल्याची पुडी कोंबली आणि सांभाळून जा म्हणाल्या.

काकी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शीवहून धावत गेले. अंत्यविधी उरकला होता. त्यांच्या खोलीत खानावळीची जुनी माणसं दाटीवाटीने बसली होती. गंगूबाई सगळ्यांना पाणी देत होत्या. म्हाताऱ्या पेडणेकरांना नुकताच नवा तर्क सुचला होता आणि ते तो तपशीलवार मांडत होते. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, तुम्ही तर तिच्या सगळ्यात जवळच्या. तिला काय वाटत होतं हो?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा ना पुढे."