रमणभाऊंचं पाणी

जळगावहून सुटलेली गाडी दोंडाईच्याला पोचली तेव्हा अकरा वाजले होते आणि ऊन डोक्यात शिरायला लागलं होतं. स्टेशनबाहेर भाड्याची जीप घेऊन रमणभाऊ उभे होते. पंधरा वर्षं मी भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून बोरच्या जागा शोधत हिंडते. यंत्र तेच असतं, ड्रायव्हर नवा.

गावात उतरताच सरपंच नाना पुढे आले ते थेट रमणभाऊंकडे. "या साहेब, बठा (बसा)." खुर्ची त्यांना, पहिला चहाही त्यांनाच. मी साहेबांची मदतनीस! सवय झाली आहे, पण राग यायचा तो येतोच.

"हाई शेवटलं बोर शे," नाना म्हणाले. आधीची दोन कोरडी गेली होती. हे गेलं की मंजुरी संपली. बायका दीड कोसावरून पाणी आणत होत्या.

दुपारभर मी लोखंडी खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडली, यंत्रावरचे आकडे टिपले. शिवारातून काळ्या दगडाची एक भिंत सरळ गेली आहे. जमिनीखाली ती पाणी अडवून धरते. आधीची बोरं तिच्या खालच्या अंगाला होती, माझी जागा वरच्या अंगाला निघाली.

सांगायची वेळ आली आणि जीभच उचलेना. पुरुषाचं बोर कोरडं गेलं तर लोक म्हणतात, नशिबात पाणी नव्हतं. माझं एकदा गेलं तेव्हा म्हणाले, बाई आणली होती ना. मी रमणभाऊंना बाजूला घेतलं. "जागा तुम्हीच दाखवा." ते चपापले, पण जाऊन चुन्याची फुली मारून आले. संध्याकाळी दोंडाईच्यात झणझणीत शेवभाजी समोर आली, तरी मी वहीतले आकडेच पुन्हा तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी लागलं. गढूळ फवाऱ्यात बायका भिजत हसत होत्या. नानांनी रमणभाऊंच्या डोक्यावर मानाची टोपी ठेवली, हातात नारळ दिला. नानांची नात बारावी विज्ञानला. तिने त्यांनाच विचारलं, "साहेब, हे शिकायला कुठं जावं लागतं?" रमणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून वायरी गुंडाळत राहिले. त्यांनी तिला कागदावर एक नंबर लिहून दिला.

परतताना अमळनेर सुटलं आणि माझा फोन वाजला. नानांची नात.

"मॅडम, रमणकाका म्हणाले, जागा तुम्ही काढली. मग गप का बसलात?"

"भ्याले गं," मी म्हणाले. लाज वाटली, पण खरं तेच होतं.

"आजोबा इथंच बसलेत. त्यांना देऊ फोन?"

"दे," मी म्हटलं.