घरी बसलेले दोघे

मुलांनो, तुमच्या बाबाने एकदा पुण्याचं तिकीट काढलं होतं, एकट्याचं. हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसणार. मी सांगते, कारण तेव्हा मी त्याच घरात होते आणि त्यात माझीही एक चूक आहे.

२००३ सालचा जानेवारी. अमेरिकेत बेलव्ह्यूमधलं दोन बेडरूमचं अपार्टमेंट. तुमच्यातला थोरला आठ महिन्यांचा. धाकटी अजून यायची होती. बाबाची नोकरी आदल्या उन्हाळ्यात गेली होती. दुसरी वेळेत मिळाली नाही, म्हणून तो तुमच्या आईच्या व्हिसावर राहिला होता. त्या व्हिसावर देशात राहता येतं, नोकरी करता येत नाही. आई सकाळी साडेसातला ऑफिसला जाई आणि बाबा घरी. बाळ सांभाळायच्या निमित्ताने मी आले होते, पण खरं तर तुमच्या आईने मला फोनवर सांगितलं होतं, "आई, तुम्ही याच. मला त्याची काळजी वाटते."

पुण्यात आजोबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलगा हल्ली घरून काम करतो, एवढंच त्यांना सांगितलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी सातला, म्हणजे त्यांच्या रविवारी सकाळी, आम्ही फोन लावत असू. फोनआधी बाबा घसा खाकरायचा, उभा राहायचा आणि एक जाडसर, घाईतला आवाज काढायचा. "हो बाबा. प्रोजेक्टचं प्रेशर आहे. नंतर बोलू." एरवी तो तसं बोलत नसे. मग फोन माझ्याकडे येई आणि मीही म्हणे, "हो, कामात असतो." लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदाच ठरवून खोटं बोलत होते.

बाबा दिवसेंदिवस गप्प होत चालला. बेल वाजली की आतल्या खोलीत जाई. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं त्याने सोडलं होतं, कारण तिथे पहिला प्रश्न एकच: सध्या कुठे आहेस? मग एका सकाळी बाळाची बाटली हलवता हलवता तो म्हणाला, "आई, मार्चचं तिकीट बुक केलंय. पुण्यात जॉब मिळेल. ही दोघं इथेच राहतील."

"आणि दिवसभर बाळाकडे कोण?"

"डेकेअरला."

"तू परत कधी येणार?"

त्याने बाटली उलटी करून मनगटावर दुधाचा थेंब पाडला, गरम आहे का ते पाहिलं आणि बाळाला घेऊन आत गेला. तुमच्या आईला त्याने अजून सांगितलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या जपानी मुलाशी माझी ओळख झाली. मुलगा म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा बाप्या. लॉन्ड्री रूममध्ये तो कपड्यांच्या घड्या घालत होता, पोटाशी तान्ही मुलगी बांधलेली, अंगात फुलाफुलांचा एप्रन, आणि भुवया अगदी रेखीव, कोरून घेतलेल्या. खोटं कशाला लिहू? माझ्या मनात आलं, हा असला पुरुष! आणि लगेच धस्स झालं, की माझ्या मुलाकडे बघूनही कोणी हेच म्हणत असेल.

बाबा मला हाक मारतो ते त्याने ऐकलं होतं. तो मला 'आई-सान' म्हणू लागला; सान हे त्यांच्याकडे मानाने लावतात. आमचं दोघांचंही इंग्रजी पुस्तकी, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं चांगलं कळे. ओसाकातल्या एका मोठ्या कंपनीत तो होता. बायकोला तिच्या कंपनीने इकडे पाठवलं, तेव्हा याने राजीनामा दिला.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, तू पुरुष आहेस ना?"

"मग तू काय म्हणालास?"

"वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडलो." हा एप्रन मित्रांनी निरोपाच्या पार्टीत चेष्टा म्हणून दिलेला. सगळे खूप हसले होते. पुढे त्यांतल्याच दोघांनी, एकमेकांना न कळू देता, त्याला फोन करून विचारलं, "जमतं का रे? खरं सांग." त्याचे वडील पहाटे कामावर जायचे, हा झोपल्यावर परतायचे आणि रविवारी दिवसभर झोपायचे. "त्यांच्यासारखं व्हायचं नाही असं आम्हा बऱ्याच जणांना वाटतं," तो म्हणाला. "पण मग कसं व्हायचं, ते कोणी दाखवलेलं नाही. म्हणून भीती वाटते."

गृहिणीला त्यांच्याकडे 'शुफु' म्हणतात. हल्ली घर सांभाळणाऱ्या नवऱ्यालाही शुफुच म्हणू लागलेत. ऐकायला शब्द एकच, लिहिताना फक्त शेवटचं अक्षर बदलतं. "वडिलांना फोनवर सांगितलं, तर त्यांना वाटेल मी बायकोबद्दलच बोलतोय," तो म्हणाला आणि हसला. मग विचारू लागला, "तुमच्या भाषेत मला काय म्हणतील?"

मी जरा विचार करून सांगितलं, "घरी बसतो, असं म्हणतात." शब्दशः अर्थही सांगितला.

"बसतो?" त्याने डोळे विस्फारले. "आई-सान, मी सकाळी सहापासून बसलेलो नाही!"

एकदा मी त्याला गुळाची पोळी द्यायला गेले, तेव्हा फोन वाजला. वडिलांचा होता. त्याने एप्रनला हात पुसले, ताठ उभा राहिला आणि एकदम खालच्या पट्टीतल्या, जड आवाजात बोलू लागला, मधेमधे त्या फोनलाच वाकून नमस्कार करत. पोटाशी मुलगी झोपलेली. ती चुळबुळली, तसा त्याने तळहात तिच्या तोंडाजवळ धरला. जपानी मला ओ की ठो कळत नाही. तो आवाज मात्र माझ्या ओळखीचा होता. पोळी ओट्यावर ठेवून मी वर आले.

रथसप्तमीच्या शनिवारी मी आमच्याकडे हळदीकुंकू ठेवलं. खालच्या मुलाने विचारलं होतं, कसला समारंभ? नवरा असलेल्या बायकांचा, आणि का, हे सगळं इंग्रजीत समजावायचा मला संकोच वाटला. मी म्हटलं, "जी घर सांभाळते, तिचा मान." इंग्रजीत त्या 'जी'तलं बाईपण कुठलं उरायला! तीच माझी चूक.

दुपारी चारला नऊ जणी जमल्या होत्या. तिळगूळ झाला, उखाण्यांचा आग्रह चालला होता. बाबा बाळाला घेऊन आतल्या खोलीत. बेल वाजली आणि दारात हा उभा: एप्रन नाही, कोट घातलेला, पोटाशी मुलगी, आणि हातातल्या डब्यात सशाच्या कानांसारखी सालं कापलेल्या सफरचंदाच्या फोडी.

"काकू, हे कोण?" एकीने विचारलं. दुसरी कुजबुजली, "अगं, आता यांना काय लावायचं?" तिसरी म्हणाली, "आधी उखाणा तर घेऊ दे!" आणि खसखस पिकली. त्याला काही समजलं नाही, तोही हसला. तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, त्याला पाटावर बसवलं, कुंकवाचं उभं बोट कपाळाला लावलं आणि वाण म्हणून मापाचा प्लॅस्टिकचा कप दिला, सगळ्यांना दिला तसाच.

कप त्याने दोन्ही हातांनी घेतला. मग इकडेतिकडे पाहत सरळ मनाने मला विचारलं, "आणि तुमचा मुलगा? घर तर तोही सांभाळतो. त्याला नाही बोलावलं?"

हसू थांबलं. इंग्रजी सगळ्यांनाच येत होतं. "पण तो तर कन्सल्टिंग करतो ना?" एकीने विचारलं. तुमच्या आईने मान खाली घातली. आतल्या खोलीत बाळ बडबडत होतं. तेही मधेच थांबल्यासारखं मला वाटलं.

मी म्हणाले, "नोकरी नाहीये त्याला. बाळाचं सगळं तोच करतो."

आतल्या खोलीचं दार उघडलं नाही. सगळ्या लवकर निघाल्या.

नंतर बाबा बाहेर आला तो पांढराफटक. "आई, काय गरज होती? सगळ्या बेलव्ह्यूत आता बोभाटा होईल." तुमची आई ताम्हन उचलत होती. ती म्हणाली, "होऊ दे. मला ऑफिसात मीटिंगमध्ये असताना माहीत असतं, की बाळ तुझ्याकडे आहे. तेवढंच माहीत असतं मला, आणि तेवढ्यावर माझा दिवस जातो." मग तिला रडू आलं. तिकिटाचं त्याने तिला तेव्हा सांगितलं, माझ्यासमोरच. ती रडायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

सात वाजले. मला वाटलं, आज फोन नको. पण परदेशी फोनसाठी घेतलेल्या कार्डाचा नंबर त्यानेच दाबला. बाळ कडेवर होतं. घसा खाकरला नाही.

"बाबा, माझी नोकरी जूनमध्येच गेली. इथे मला काम करायची परवानगी नाही." पलीकडून आजोबांनी काहीतरी विचारलं. "घरीच असतो. नाही हो, बसायला कुठे मिळतं! हा रांगायला लागलाय."

मग फोन माझ्या हातात आला. आजोबा म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"हो."

कार्डावरची मिनिटं संपतील की काय असं मला वाटू लागलं. मग त्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का त्याला?"

"भात जमतो. आमटी पातळ होते."

"हिंग आधी घालायला सांग," ते म्हणाले आणि फोन ठेवला. आयुष्यात त्यांनी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता.

सोमवारी बाबाने तिकीट कॅन्सल केलं. सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. आजोबा पुढचे तीन शनिवार त्याच्याशी बोलले नाहीत, फक्त माझ्याशी बोलले. बाबाला नोकरी मिळायला आणखी दोन वर्षं लागली. खालच्या मुलाने त्याच्या वडिलांना कधी सांगितलं का, ते मला माहीत नाही. मी निघाले तेव्हा तो एप्रन घालून खाली निरोप द्यायला आला होता. तेवढ्यात त्याच्या घरात फोन वाजला आणि त्याने माझ्यादेखत घसा खाकरला.

म्हणून तुम्ही फोन करता तेव्हा मी आधी तुम्ही काय बोलता ते ऐकत नाही. आवाज कसा आहे, ते ऐकते.