पहिला मॅमथ, मी आणि तात्या

कऱ्हाडच्या आमच्या कॉलेजात उत्क्रांतीवरचं माझं व्याख्यान सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते तात्यांनी. तात्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. बरण्या पुसत ऐकायचे आणि तास संपला की शंका काढायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी फळ्यावर मोठ्या हौसेनं केसाळ मॅमथ काढला आणि सांगितलं, की मॅमथच्या कुळाचा मूळपुरुष आफ्रिकेतला. मुलांनी निमूट उतरवून घेतलं. तात्या म्हणाले, "आवं सर, आफ्रिकेत येवढी लोकर घालून काय करत हुता त्यो?"

मी पुस्तक उघडलं, मग फळा पुसला. तो आरंभीचा मॅमथ उबदार मुलखातला, बहुधा झाडपाला खाणारा. त्याच्या दाढेवर चावायच्या कठीण पट्ट्या मोजक्याच, दहाच्या आत. पुढे थंडी वाढली, गवत चावायची वेळ आली, तशा वंशजांच्या दाढांवरच्या पट्ट्या वाढल्या. हे पुढची वीस वर्षं मी घसा ताणून शिकवलं.

मग एका विद्यार्थ्याला कृष्णेच्या वाळूत भली मोठी दाढ सापडली आणि माझ्यातला संशोधक उधळला. "आरंभीचा मॅमथ!" मी जाहीर केलं. सांगलीच्या परिषदेत ती दाखवायचं ठरलं.

"सर, पट्ट्या मोजल्यासा का?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, तुम्ही बरण्या पुसा."

सांगलीत एका तज्ज्ञ बाईंनी सगळ्यांसमोर मोजल्या. वीस. "सर, हा आपला साधा हत्ती आहे," त्या म्हणाल्या. सभागृह खदखदून हसलं. दाढेचं खोकं उचलायला आलेले तात्या मागून उठले. "चूक माजी हाय, बाई. खोक्यावर चिठ्ठी मीच चुकीची लावली."

आणि मी, विद्वान प्राध्यापक, गप्प बसलो.

परतताना एसटीत विचारलं, "असं का केलंत?"

"तुमाला उद्या पोरांपुढं हुबं ऱ्हायचंय. मला काय, बरण्याच पुसायच्यात."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळं सांगितलं: न मोजता बोललो, आणि दुसऱ्याला माझी चूक घेऊ दिली. मुलं हसली, मग हसायची थांबली. तास संपल्यावर तात्या जवळ आले.

"माजं येक खोटं वाया घालवलंसा, सर," ते म्हणाले. "पर बरं केलंसा."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. इतक्या वर्षांत त्यांनी केलेली माझी ती एकमेव स्तुती.