कपाळावरून उतरलेले दूध

ठाण्याच्या आमच्या वैद्यबुवांनी खाडीकाठचा एक बंगला घेऊन त्याला 'आरोग्यभुवन' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या पहिल्या हस्तपत्रकाचा मजकूर मीच तपासून दिला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे ज्यांना नावे ठेवणार आहे, त्यांच्या पंगतीत माझेही पान मांडलेले आहे.

तेव्हा मी विशीत होतो आणि माझे खरे शिक्षण आण्या-दोन आण्यांच्या चोपड्यांतून झालेले. देशी ते चांगले आणि छापलेले ते खरे, एवढे मी त्यांतून शिकलो होतो. बुवा देशी होते, पत्रक छापलेले होते. सरकारी दवाखान्याकडे निघालेल्या शेजाऱ्यांना रस्त्यात अडवून मी ते मोठ्याने वाचून दाखवत असे.

बुवा पूर्वी असे नव्हते. खांद्याला औषधांची झोळी अडकवून ते नौपाड्यापासून मिठागरांपर्यंत पायी फिरत. मिठात उभे राहून पायांना भेगा पडलेल्या आगरी बायकांना मलम देत, आणि ते कसे लावायचे हे खाली बसून दाखवत. माझ्या वहिनीची नाडीही त्यांनीच पाहिली होती. पहिली मुलगी झाल्यावर वहिनी फार खंगली, अंगावर दूध येईना. भाऊ नोकरीवर, दूरच्या गावी. बुवांनी ओसरीवर बसून आईला सांगितले, "औषध काही नको. दोन्ही वेळा गाईचं दूध द्या. गाईचंच. आईचं पोट भरलं की पोरीचं भरेल."

ती त्यांची आमच्या घरची शेवटची फेरी. पुढच्याच आठवड्यात बंगल्यावर मुंबईची मंडळी उतरू लागली.

काय ती मंडळी! स्टेशनाबाहेर बैलांच्या दमणीत बसायचे, खाडीचा वारा नाकात गेला की डोळे मिटून म्हणायचे, "वा, काय हवा आहे!" हीच हवा मिठागरातल्या बायका जन्मभर खात आल्या होत्या, त्यांना कुणी तेवढ्यावर निरोगी म्हटल्याचे मी ऐकले नाही. बंगल्यावर त्यांना सकाळी तांदळाची पेज मिळे, मग अनवाणी चालणे, आणि रात्री उपास. आगरवाड्यात ज्याला दारिद्र्य म्हणत, त्याला इथे पथ्य म्हणत. पंधरा दिवस असे काढून हे लोक हलके होऊन परत जात आणि ओळखीच्या चार जणांना पाठवून देत. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाचे कशात मन रमत नव्हते. ज्याच्या मागे काम नाही त्याला झोप लागत नाही, हे सांगायला वैद्य कशाला हवा?

मग एके दिवशी आमच्या गवळ्याने सकाळचे दूध बंद केले. "सगळं बंगल्यावर लागतंय," तो म्हणाला. "तुम्हाला दुपारी आणून देतो." दुपारी तो आणू लागला. दूध पातळ असे आणि त्याला एक कडवट, मातकट वास येई.

"गाय रानात काहीतरी खात असेल," वडील म्हणाले.

वहिनी नाक दाबून ते पीत राहिली आणि वाळत राहिली. "हिच्या अंगालाच काही लागत नाही," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मुलगी आधी रात्रंदिवस रडायची. मग तिचा आवाज बसला. मग ती रडायचीच थांबली, तेव्हा मी घाबरलो आणि बुवांना घरी आणायला सकाळीच बंगल्यावर गेलो.

मला पाहून बुवा खूश झाले. "ये, ये. बरं झालं आलास. नवं पत्रक काढायचंय."

"बुवा, आधी घरी चला. पोर रडतसुद्धा नाही आता."

"आत्ता? आत्ता धार चाललीय."

धार खरोखरच चालली होती. लाकडी द्रोणीत मुंबईचा एक कापसाचा दलाल उताणा पडला होता. वर टांगलेल्या भांड्यातून दुधाची बारीक धार त्याच्या कपाळावर पडत होती, टकलावरून घरंगळत होती आणि द्रोणीच्या तोटीतून खालच्या परातीत साचत होती. दुधात औषधी मुळ्यांचा काढा घातलेला. निम्मे दूध, निम्मा काढा. त्याचा तो कडवट, मातकट वास. परातीशी आमचा गवळी बसला होता आणि आपल्या चरवीत दूध भरत होता.

मी ओरडलो. काय ते आठवत नाही. धार धरणारा गडी दचकला, धार हलली.

"बुवा, थांबली का?" दलाल डोळे न उघडता म्हणाला. "आत्ता कुठे मन जरा शांत होत होतं."

बुवांनी मला बाजूला घेतले. त्यांना शरम वाटेल अशी माझी कल्पना होती. ते हळूच म्हणाले, "उकळून देत जा. उकळलं की दोष राहत नाही."

म्हणजे त्यांना ठाऊक होते.

मी घरी येऊन सगळे सांगितले. आईने तोंडाला पदर लावला. वडिलांनी विचारले, "जात कोणती त्याची?"

"कुणाची?"

"दलालाची."

"ब्राह्मणच आहे म्हणतात."

"हं," वडील म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला.

सासऱ्यासमोर वहिनी कधी बोललेली नव्हती. बाळंतिणीच्या खोलीतून तिचा आवाज आला. "म्हणजे इतके दिवस मी उपाशी होते. आणि तुम्ही म्हणत होता, हिच्या अंगाला लागत नाही."

मागल्या दारी मीठ घेऊन आलेली म्हातारी आगरीण सगळे ऐकत उभी होती. ती म्हणाली, "आमचे घरान शेली हाय, बाय. न्ह्या दूद तिचा."

"बुवांनी गाईचंच सांगितलंय," आई म्हणाली.

"बुवांचं दूध दलालाला पुरू दे," वहिनी म्हणाली. "भावोजी, तुम्ही जा यांच्याबरोबर."

मी गेलो. रोज दोन वेळा, मिठागराच्या बांधावरून, तांब्या घेऊन. दहाव्या-बाराव्या दिवशी मुलगी रडली. इतकी रडली की वडील वैतागून ओसरीवर जाऊन बसले. वहिनी मात्र पदराआड हसत होती.

महिन्याभराने बुवांचे नवे पत्रक निघाले. ते तपासायला माझ्याकडे आले नव्हते. त्यात एक ओळ होती: 'येथील एका प्रतिष्ठित घरातील बाळंतीण केवळ दुग्धोपचाराने पूर्ण बरी झाली.' मी रात्रभर बसून उत्तराची चोपडी लिहिली. छापखान्याच्या मालकाने दोन पाने वाचली आणि परत केली. बुवा त्याचे कायमचे गिऱ्हाईक होते. तेव्हापासून मी कागद छापलेला आहे एवढ्यावरून काही मानत नाही.

परवा ती चोपडी पुन्हा काढली, तर वहिनी म्हणाली, "त्यात बुवांचंच फार आहे. शेळीचं कुठे लिहिलंय?"

पाहिले. नव्हते लिहिलेले. म्हणून हे नव्याने लिहिले.