धारची रेस आणि एक उलटी क्लिप

धारला जायचं मी जवळजवळ रद्दच केलं होतं. गाडी पिकअपमध्ये चढवून दोर आवळून झाले होते, आणि मी देवासच्या घरात मोजे शोधायच्या नावाखाली बसून होतो. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यात सात वर्षं धारचा मंदार माझ्या पुढे आहे. आता पुण्याच्या एका संघात एकच जागा रिकामी होती. त्यांचे मॅनेजर रविवारी धारची रेस बघायला येणार होते आणि आम्हा दोघांत जो पुढे राहील, त्याला ती जागा मिळणार होती.

त्यात मंदारचा फोन. शनिवारीच ये म्हणाला, मांडू फिरून येऊ. प्रतिस्पर्ध्याला सहलीला बोलावतो हा माणूस! मला त्याचाही राग आला, पण गेलो.

तुम्ही जाणार असाल तर देवासहून सकाळी लवकर निघा, पोहे-जलेबी गावातच खा आणि इंदूरच्या गर्दीत न शिरता बायपास धरा. अडीच-तीन तासांत धार येतं. मंदारच्या आई, म्हणजे काकू, अजून जुन्या वळणाचं मराठी बोलतात. मला दारातच "हस्तपाद प्रक्षाळून ये" असं फर्मान मिळालं. मंदार चहा आणायला आत गेला आणि मी अंगणात त्याच्या गाडीपाशी उभा राहिलो.

चेन नवी होती, त्यानं स्वतः बसवलेली. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीला आम्ही चेन लॉक म्हणतो. त्यावर एक बारीक क्लिप असते आणि तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. वरच्या बाजूला चेन पुढे पळते, खालच्या बाजूला मागे. त्यामुळे लॉक खालून बसवताना भल्याभल्यांची फसगत होते. मंदारचीही झाली होती. क्लिप उलटी होती. एखादा दगड लागला की ती उडणार आणि चेन उतरणार.

मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगू? तो चहा घेऊन आला तेव्हा मी काकूंच्या तुळशीचं कौतुक करत होतो.

दुपारी त्याच्या रोजच्या गाडीवर आम्ही मांडूला गेलो. नालछ्यापर्यंत रस्ता सरळ, पुढे घाटाची वळणं, जपून चालवा. मांडूत दाल-पानिये जरूर खा. मक्याचे हे गोळे पानांत गुंडाळून भाजतात, दोघांचं पोट दोनशे रुपयांत भरतं. खुरासानी चिंच, म्हणजे आपली गोरखचिंच, मात्र घासाघीस करूनच घ्या. जहाज महालाच्या गच्चीवर वारा सुंदर होता. मंदार तळ्याकडे बघत बसला होता आणि मला फक्त ती क्लिप दिसत होती. सांगायला अख्खी दुपार होती. मी नाही सांगितलं.

रविवारी सकाळी सगळे स्वार पायी ट्रॅक बघतात. मंदार माझ्यासोबत चालत होता. तिसऱ्या वळणावर त्यानं बुटानं माती उकरून दाखवली.

"भिया, इथून आतून नको घेऊ. खाली पत्थर आहे, कल प्रॅक्टिसला आलेल्यांपैकी दोघं इथंच घसरले."

हे त्यानं मला का सांगावं? त्याचा चांगुलपणासुद्धा मला खुपला. इतकं सहज चांगलं वागणं मला कधी जमलं नाही.

सुरुवातीच्या रेषेवर तो माझ्या शेजारी होता. इंजिनं गुरगुरत होती. तो हसून माझ्याकडे बघून मान हलवतो न हलवतो तोच मी हेल्मेटची काच वर केली आणि ओरडलो, "मंदार, चेन लॉक बघ, क्लिप उलटी आहे."

लाज वाटली म्हणून की मागचे स्वार त्याच्या अंगावरून जातील या भीतीनं, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानं हात वर केला. हात वर करणाऱ्याला शेवटच्या ओळीत जावं लागतं, असा नियम आहे. त्याच्या मेकॅनिकनं पकडीनं क्लिप काढून सुलटी बसवली.

"तुला कधी दिसली?" मंदारनं विचारलं.

"आत्ताच."

शेवटच्या ओळीतून निघून तो शेवटच्या फेरीत मला बाहेरून ओलांडून गेला. बक्षीस घेताना सगळं श्रेय त्यानं माइकवर मला दिलं. पराग नसता तर आज मी हॉस्पिटलमध्ये असतो, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मॅनेजरांनी माझा हात हातात घेतला आणि जागा मंदारला दिली. काकूंनी निघताना लाडूंचा डबा दिला. येताना मी तो उघडलाच नाही.

देवासला परत येऊन आता चार महिने झाले. मांडू कसं होतं असं कुणी विचारलं तर छान होतं, सांगतो. मत्सर गेला का? नाही गेला. त्या जागेचा आहेच, पण त्याहून जास्त याचा आहे, की 'आत्ताच' हा शब्द त्यानं जराही न अडखळता खरा मानला.

हल्ली प्रत्येक रेसआधी मंदार मला चेन लॉकचा फोटो पाठवतो. खाली लिहितो, "एक बार देख ले भिया, तुझ्या नजरेवर भरोसा आहे." मी फोटो बोटांनी मोठा करतो. क्लिप सुलटी असते. क्षणभर माझा हिरमोड होतो, आणि मग मी लिहितो, "बरोबर आहे, जा."