तक्रारीचा रकाना
बहात्तरच्या दुष्काळात मला एक काम मिळालं. आरोग्य केंद्रात येणारे लोक समाधानी आहेत की नाहीत, ते विचारून कागदावर लिहायचं. तिसगावच्या पुढे एका गावात ते केंद्र होतं. डॉक्टरची खुर्ची कित्येक महिने रिकामी, आणि कंपाउंडर सगळ्यांना एकाच बाटलीतलं गुलाबी औषध द्यायचा. तक्रारी भरपूर आल्या तर डॉक्टर मिळेल, असं हे काम देणारे साहेब म्हणाले होते, म्हणून मी हुरळून गेले होते.

छापील प्रश्न होता, 'काही तक्रार आहे का?' हा शहाणपणा कुणाचा कोण जाणे. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला तक्रार म्हणजे दुखणं. कुणी पोटाची तक्रार सांगे, कुणी गुडघ्याची. मी चिडायचे, दवाखान्याबद्दल विचारतेय म्हणून समजवायचे. मग लोक कंपाउंडरकडे बघून नाही म्हणत. निदान तो तरी होता, त्याला कोण दुखवणार?

खडी फोडायच्या कामावरची एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन यायची. पोरीचं पोट फुगलेलं, ताप हटत नव्हता. नगरला न्या म्हटलं, तर घरच्या दोन लहानग्यांना कुठं ठेवू म्हणायची. डॉक्टर कधी येणार, एवढंच मला विचारायची. तुम्ही तक्रार सांगा म्हणजे येईल, असं मी म्हणायचे. ती कंपाउंडरकडे बघून पोरीला पुन्हा पाठीवर घ्यायची.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम तिच्या कामावर गेले. इथं कंपाउंडर नव्हता. आता मोकळेपणानं सांगा, म्हटलं, काही तक्रार आहे का?

"न्हाई बाई. आता काय बी तक्रार न्हाई."

मला इतकं बरं वाटलं, की पोरीला गुण आला का, असं मी हसूनच विचारलं. तिची हातोडी थांबली नाही.

"पोरगीच न्हाई राह्यली. मंगळवारी गेली."

तिच्यापुढे मला रडू आलं याची मला अजून लाज वाटते. तिनंच मला पाणी दिलं.

साहेबांना सगळं सांगितलं. बाईनं दिलेलं उत्तर तेवढं लिहा, म्हणाले. मला नाही म्हणता आलं असतं. पण मलाही काम टिकवायचं होतं. मी 'तक्रार नाही' असं लिहून सही केली. त्या भागात सगळ्यांत समाधानी केंद्र आमचंच ठरलं, आणि डॉक्टर दुसऱ्या गावाला दिला.